रोड बाइकचे गिअर कसे निवडावेत: चेनरिंग, कॅसेट आणि चढाचा हिशेब

नवी रोड बाइक घेताना किंवा जुनीचे गिअर बदलताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "पुढे ५२ घेऊ की ५०?" खरं तर हा शेवटी विचारायचा प्रश्न आहे. मोठ्या चेनरिंगचे (पायडलजवळच्या दातेरी चक्राचे) दोन दाते कमी-जास्त झाले तर सपाट रस्त्यावर जेमतेम चार टक्क्यांचा फरक पडतो, आणि मागचा एक गिअर बदलला की तो भरून निघतो. चढावर मात्र सगळ्यात हलका गिअर लावूनही पाय जड पडत असतील, तर पुढे पर्यायच उरत नाही. उतरून ढकलायचं, नाहीतर गुडघ्यांवर भार घेऊन रेटायचं. म्हणून निवड खालून वर करायची: आधी सगळ्यात हलका गिअर, मग रोजच्या वेगाचे गिअर, आणि सगळ्यात शेवटी सगळ्यात जड.

खाली तिरकी रेघ (५०/३४) म्हणजे पुढच्या दोन चेनरिंग, आणि गुणाकाराची खूण (५० × १७) म्हणजे पुढची रिंग आणि मागची चकती. मागच्या चाकावरच्या सगळ्या चकत्यांच्या संचाला कॅसेट म्हणतात.

आधी आकडेमोड समजून घ्या

पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागलं की गुणोत्तर मिळतं. ५० × १७ म्हणजे २.९४. पायडलच्या एका फेरीत मागचं चाक २.९४ वेळा फिरतं. त्याला चाकाच्या घेराने गुणलं की एका फेरीत बाइक किती मीटर पुढे जाते ते कळतं. ७०० च्या चाकावर २५ मिमी टायरचा घेर साधारण २.१०५ मीटर, २८ मिमीचा २.१३६ आणि ३२ मिमीचा २.१५५ मीटर धरतात. नेमका हवा असेल तर स्वतः मोजा. टायरमध्ये नेहमीची हवा भरा, व्हॉल्व्ह अगदी खाली आणून जमिनीवर खडूने खूण करा, बाइकवर बसून एक पूर्ण फेरी सरळ पुढे जा आणि व्हॉल्व्ह पुन्हा खाली आला की दुसरी खूण करा. बसूनच मोजायचं, कारण वजनाने टायर दबतो आणि घेर काही मिलिमीटरने कमी होतो.

वेगाचं सूत्र सोपं आहे: एका फेरीतले मीटर × मिनिटाला पायडलच्या फेऱ्या (कॅडेन्स) × ०.०६ = ताशी किलोमीटर. २८ मिमी टायरवर ५० × १७ मध्ये एका फेरीत ६.२८ मीटर, म्हणजे ९० च्या कॅडेन्सला ताशी ३३.९ किमी. पुढचे सगळे आकडे याच टायरचे आहेत.

पायरी १: सगळ्यात हलका गिअर चढावर ठरवा

उत्तम पद्धत म्हणजे हातात असलेल्या बाइकवर तुमच्या नेहमीच्या रस्त्यातला सगळ्यात तीव्र, निदान दहा मिनिटांचा चढ चढायचा. दीड-दोन तास चालवून झाल्यावर चढा. ताज्या पायांनी घेतलेला आकडा फसवतो. सगळ्यात हलक्या गिअरवर, खोगिरावर बसून, जो वेग शेवटपर्यंत टिकेल त्याच वेगाने जा. कॅडेन्स सेन्सर नसेल तर १५ सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते मोजा आणि चाराने गुणा. चढाच्या मध्यावर आणि शेवटाजवळ दोनदा मोजा, आणि शेवटाजवळचा आकडा खरा धरा.

समजा बाइकला ३९ × २८ आहे, गुणोत्तर १.३९, आणि कॅडेन्स ५० भरला. तुम्हाला ६८ च्या आसपास फिरवायचं आहे. मग १.३९ × ५० ÷ ६८ = १.०२. म्हणजे तुम्हाला ३४ × ३४ (१.००) लागेल; ३६ × ३४ (१.०६) घेतला तर कॅडेन्स ६६ च्या जवळ राहील. एवढ्या एका गुणाकार-भागाकारात निम्मी निवड झाली.

बाइक अजून घ्यायचीच असेल तर अंदाज बांधता येतो. चढावर जवळजवळ सगळी ताकद वजन वर उचलण्यात जाते, म्हणून हे सूत्र कामाला येतं:

वेग = वॅट × ३७ ÷ (एकूण किलो × (चढाचे टक्के + ०.५))

त्यातून हवा आणि चेनच्या घर्षणापोटी तीन-चार टक्के वजा करा. एकूण किलोमध्ये माणूस, बाइक, पाण्याच्या बाटल्या, कपडे सगळं धरायचं. ८० किलो एकूण वजन, तासभर टिकणारे १६० वॅट आणि ८ टक्के चढ असेल तर ताशी साधारण ८.४ किमी येतात. या वेगाला ३९ × २८ मध्ये कॅडेन्स ४७-४८, ३४ × २८ मध्ये ५४-५५, आणि ३४ × ३४ मध्ये ६६. ताकद तीच, पण ४८ ऐवजी ६६ फेऱ्या मारल्या तर १७२.५ मिमी क्रँकवर (पायडल ज्यावर बसतं तो दांडा) पायडलवरचा सरासरी भार १९ किलोवरून १४ किलोच्या आसपास उतरतो. चढ तासाभराचा असेल तर हा पाच किलोंचा फरक प्रत्येक फेरीला, हजारो वेळा पडतो. चढाच्या शेवटी पाय शिल्लक राहतात की संपतात ते इथे ठरतं.

हेच गणित २५० वॅट टिकवणाऱ्या, तेवढ्याच वजनाच्या माणसासाठी केलं तर ताशी साधारण १३.१ किमी येतात आणि ३४ × २८ मध्ये त्याचा कॅडेन्स ८४ राहतो. त्याला ३४ च्या चकतीची गरज नाही. "अमुक शर्यतीत ३९ × २५ चालायचं" हे म्हणणं दुसऱ्यासाठी निरुपयोगी ठरतं ते यामुळेच.

इथे आमचं मत ठाम आहे: हिशेबात जो गिअर येईल त्यापेक्षा एक पायरी हलका घ्या. हिशेब सरासरी चढाचा असतो. ८ टक्क्यांच्या रस्त्यात मध्येच १२ टक्क्यांचं वळण येतं, समोरून वारा येतो, बाइकवर सामान असतं, कधी पोट बिघडलेलं असतं. जास्तीचा हलका गिअर न वापरल्याने काही नुकसान होत नाही. कमी पडला तर मात्र त्या दिवसाचा पुढचा प्रवास बिघडतो.

पायरी २: आधी कॅसेट बदला, मग चेनरिंगचं बघा

हलका गिअर दोन वाटांनी मिळतो, पुढे लहान रिंग किंवा मागे मोठी चकती. मागची वाट आधी पाहा. कॅसेट तशीही झिजणारी वस्तू आहे, ती काढायला एक खाचांचं लॉकरिंग टूल आणि चकत्या फिरू न देणारी एक चेन-व्हिप पुरते, आणि पुढच्या डिरेलरला (चेन एका रिंगवरून दुसरीवर ढकलणाऱ्या यंत्रणेला) हात लावावा लागत नाही.

पण मोठी कॅसेट फुकट मिळत नाही. चकत्यांची संख्या तीच, पल्ला मोठा, म्हणजे दोन चकत्यांमधली उडी वाढते. शिमानो कंपनीची ११ गिअरची ११-२८ कॅसेट ११, १२, १३, १४, १५, १७, १९, २१, २३, २५, २८ अशी येते. तीच ११-३४ घेतली तर ११, १३, १५, १७, १९, २१, २३, २५, २७, ३०, ३४. वरच्या टोकाला १२ आणि १४ गळाल्या. ११ वरून १३ वर गेलं की गुणोत्तर १५ टक्क्यांनी पडतं. गटात, वाऱ्याच्या आडोशाने, एकाच वेगाने जाताना ही उडी पायांना जाणवते: एक गिअर जड, पुढचा एकदम हलका.

सगळ्यात जास्त तक्रार १६ च्या चकतीबद्दल ऐकू येते, आणि ती रास्त आहे. ताशी ३५ किमीला ५० × १५ मध्ये कॅडेन्स ८२ आणि ५० × १७ मध्ये ९३. मधली १६ असती तर ८७. ज्यांचा बराच वेळ ३२ ते ३८ किमीच्या पट्ट्यात सपाटीवर जातो त्यांनी कॅसेटच्या यादीत १६ आहे का ते बघूनच घ्यावी. शिमानोच्या १२ गिअरच्या ११-३० मध्ये ती आहे, ११-३४ मध्ये नाही. ११ गिअरच्या ११-३२ मध्ये १६ आहे, पण तिच्या शेजारच्या १५ आणि १७ नाहीत. डोंगरी रस्त्यावर एकट्याने चालवणाऱ्याला हे फारसं खटकत नाही, कारण तिथे वेग सतत बदलत असतो.

कॅसेट घेताना फ्रीहबही (मागच्या चाकाचा ज्या भागावर कॅसेट बसते तो) बघा. शिमानोच्या नेहमीच्या रोड फ्रीहबवर सगळ्यात लहान चकती ११ ची. १० च्या चकतीसाठी स्रॅमचा एक्सडीआर फ्रीहब लागतो, आणि काम्पाग्नोलोच्या ९ किंवा १० च्या चकतीसाठी त्यांचा एनथ्रीडब्ल्यू. शिमानोच्या ११ गिअरच्या ११-३४ चीही एक गंमत आहे: ती १० गिअरच्या जुन्या फ्रीहबवर नीट बसते, पण ११ गिअरच्या रोड फ्रीहबवर तिच्यामागे १.८५ मिमीची चकती-रिंग, म्हणजे स्पेसर, घालावी लागते. ती विसरली तर लॉकरिंग पूर्ण घट्ट केल्यावरही कॅसेट हाताला हलते. बसवल्यावर सगळ्यात मोठी चकती दोन बोटांत धरून हलवून बघा. किंचितही खटखट आली तर काढा आणि पुन्हा बसवा.

पायरी ३: चेनरिंगची जोडी

बाजारात सरसकट दिसणाऱ्या जोड्या पाच: ५३/३९, ५२/३६, ५०/३४, ४८/३२ आणि ४६/३०. स्रॅमने १० च्या चकतीवर बेतलेल्या ५०/३७, ४८/३५, ४६/३३, ४३/३० अशा जोड्या आणल्या. त्यांत पुढचा फरक १३ दात्यांचाच आहे. लहान रिंग बघून "गिअर कमी" असं समजू नका. ४६ × १० चं गुणोत्तर ४.६०, ५० × ११ चं ४.५५. दोन्ही जवळजवळ एकच.

आता खरा मुद्दा. रिंग निवडताना लोक सगळ्यात जड गिअर बघतात, पण रोज वापरात येतो तो मधला पट्टा. तुमचा सपाटीवरचा नेहमीचा वेग घ्या आणि त्या वेगाला चेन कॅसेटवर कुठे बसते ते काढा.

ताशी २५ किमी आणि कॅडेन्स ८५ धरला तर गुणोत्तर २.३ च्या जवळ लागतं. ५०/३४ वर हे कुठे येतं? मोठ्या रिंगवर २२ च्या चकतीजवळ आणि लहान रिंगवर १५ जवळ. म्हणजे मोठ्या रिंगवर चेन आत तिरकी, लहान रिंगवर बाहेर तिरकी. किंचित चढ आला की लहान रिंग, किंचित उतार आला की मोठी रिंग, आणि दर वेळी १६ दात्यांची उडी. ५०/३४ बाइक घेतलेल्या नव्या चालकाची "सारखे पुढचे गिअर बदलावे लागतात" ही तक्रार इथून येते. बाइकमध्ये दोष नसतो. त्याचा वेग दोन रिंगांच्या बरोबर मधल्या फटीत पडतो. त्याला ४६/३० दिली तर तोच वेग ४६ × २० जवळ येतो. मोठी रिंग, कॅसेटचा मध्य, चेन सरळ, आणि तासन्‌तास पुढच्या डिरेलरला हात लावायची गरज नाही.

ताशी ३० किमीला चित्र बदलतं. ५० × १९ मध्ये कॅडेन्स ८९, चेन जवळजवळ मध्यावर. हा वेग रोज टिकवणाऱ्याला ५०/३४ अंगच्या कपड्यासारखी बसते. ५३ वर हाच वेग १९ आणि २१ च्या मध्ये अडकतो: ८४ किंवा ९३.

५२/३६ कोणासाठी? सपाटीवर ३३-३५ किमीने गटात जाणारे, पण चढही करणारे. ५०/३४ पेक्षा सगळ्यात हलका गिअर ६ टक्क्यांनी जड होतो, म्हणून सोबत मागे ३० किंवा ३४ ची चकती घ्या. ५३/३९ आता शर्यतीची किंवा अगदी सपाट प्रदेशाची जोडी राहिली आहे. तिचा एक गुण मात्र मानायलाच हवा: फरक १४ दात्यांचाच असल्याने ५३ वरून ३९ वर येताना गुणोत्तर २६ टक्क्यांनी पडतं, तर ५० वरून ३४ वर येताना ३२ टक्क्यांनी. या ३२ टक्क्यांमुळेच पाय एकदम हवेत फिरल्यासारखे वाटतात. त्यावर उपाय सवयीचा आहे: पुढे लहान रिंगवर येतानाच मागे तीन चकत्या जड करा. ५० × २१ (२.३८) वरून ३४ × १५ (२.२७) वर आलात तर पायांना एकच गिअर बदलल्यासारखं वाटेल.

आता सगळ्यात जड गिअर. ९० च्या कॅडेन्सला ५३ × ११ ताशी ५५.६ किमी देतो, ५० × ११ ५२.४, ४८ × ११ ५०.३ आणि ४६ × ११ ४८.२. सपाटीवर एकट्याने ४८ किमीने जाणारे विरळा. उतारावर ५० च्या पुढे गेलात की पायडल मारण्यापेक्षा अंग चोरून, कोपर आत घेऊन बसण्यात जास्त वेग मिळतो. शर्यतीत शेवटच्या धावेला उतरणार नसाल तर ४६ किंवा ४८ ला "लहान" म्हणून नाकारू नका. उलट बाजूही खरी आहे: मोठी रिंग आणि मोठी चकती वापरली की चेन कमी वाकते आणि घर्षण थोडं घटतं, म्हणूनच व्यावसायिक चालक ५४ च्या पुढे जातात. त्यांचा वेगही तेवढा असतो.

एकाच रिंगचा विचार करत असाल तर ४२ आणि मागे ११-४२ धरून बघा: सगळ्यात हलका १.०० आणि सगळ्यात जड ९० ला ४४ किमी. पल्ला पुरेसा आहे, पण चकत्यांमधल्या उड्या मोठ्या. खडबडीत रस्त्याला उत्तम, गटात एकाच वेगाने जाण्याला गैरसोयीचं.

क्रँकची लांबी बदलत असाल तर तीही हिशेबात घ्या. १७२.५ ऐवजी १६५ मिमी क्रँक लावला तर त्याच गिअरला साडेचार टक्के जास्त जोर लागतो.

पायरी ४: बाइकवर बसेल का?

पैसे देण्याआधी या चार गोष्टी तपासा.

बोल्टचं वर्तुळ. क्रँकच्या हातांवर ज्या वर्तुळात बोल्ट असतात त्याच्या व्यासाला बीसीडी म्हणतात. १३० मिमीवर ३८ पेक्षा लहान रिंग बसतच नाही, कारण चेन बोल्टच्या आधारांना घासेल. म्हणून ५३/३९ च्या जुन्या क्रँकवर ३४ लावायचा प्रयत्न करू नका. क्रँकच बदलावा लागेल. ११० मिमीवर ३४ पर्यंत जाता येतं. ३२ किंवा ३० साठी आतली रिंग आणखी लहान वर्तुळावर किंवा थेट क्रँकवर बसणारी असते. ११० असला तरी पाच हातांचा आणि शिमानोचा चार हातांचा क्रँक वेगळे. चार हातांमधली अंतरं सारखी नसतात, त्यामुळे एकाची रिंग दुसऱ्याला बसत नाही.

मागच्या डिरेलरची क्षमता. इथे सगळ्यात जास्त चुका होतात. दोन आकडे वेगवेगळे बघायचे: सगळ्यात मोठी चकती किती चालते, आणि चेनचा ढिलेपणा किती ओढून घेता येतो. दुसऱ्याचं गणित असं: (मोठी रिंग − लहान रिंग) + (मोठी चकती − लहान चकती). ५०/३४ आणि ११-३० ला १६ + १९ = ३५. ५०/३४ आणि ११-३४ ला १६ + २३ = ३९. शिमानोच्या ११ गिअरच्या १०५ आर७००० आणि अल्टेग्रा आर८००० या गिअर-संचांमध्ये छोट्या पिंजऱ्याचा (चेन ताणून धरणाऱ्या दोन पुलींच्या चौकटीचा) एसएस डिरेलर ३० ची चकती आणि ३५ क्षमतेपर्यंत, लांब पिंजऱ्याचा जीएस ३४ आणि ३९ पर्यंत. म्हणजे ११-३० वरून ११-३४ वर जाताना डिरेलर एसएस असेल तर तोही बदलायचा. अक्षरं डिरेलरच्या मागच्या बाजूला, पिंजऱ्याजवळ कोरलेली असतात. पुसून, टॉर्च मारून वाचा.

पुढचा डिरेलर. रोडचा पुढचा डिरेलर साधारण १६ दात्यांच्या फरकापर्यंत आणि ४६ किंवा त्याहून मोठ्या रिंगसाठी बनवलेला असतो. शिमानोच्या जीआरएक्स (खडीच्या रस्त्याच्या बाइकसाठीच्या) क्रँकवर रिंगा २.५ मिमी बाहेर असतात, त्यामुळे त्यासोबत जीआरएक्सचाच पुढचा डिरेलर लागतो. रोडचा लावला तर तो मोठ्या रिंगपर्यंत नीट पोचत नाही.

फ्रेम. ५४ किंवा मोठी रिंग लावायची असेल तर मागच्या आडव्या नळीशी (चेनस्टेशी) अंतर बघा. बसल्यावर २ मिमी तरी मोकळं हवं, कारण जोर लावल्यावर क्रँक आणि फ्रेम दोन्ही किंचित वाकतात.

पायरी ५: बसवताना

रिंगा जोडीनेच घ्या. मोठ्या रिंगच्या आतल्या बाजूला खाचा आणि पिना असतात. त्या विशिष्ट लहान रिंगसाठी घडवलेल्या असतात. ३४ सोबत चालणारी ५० आणि ३६ सोबतची ५२ यांच्यावर बारीक अक्षरात वेगवेगळा कोड असतो. ५२ सोबत ३४ लावली तर बाइक चालते, पण चेन वर चढायला रेंगाळते आणि फरक १८ दात्यांचा होऊन पुढच्या डिरेलरच्या मर्यादेबाहेर जातो.

मोठ्या रिंगवर बाहेर आलेली एक बारीक पिन असते. ती बरोबर क्रँकच्या हाताच्या मागे यायला हवी. चेन बाहेर पडलीच तर क्रँक आणि रिंग यांच्या फटीत अडकू नये म्हणून ती असते. लहान रिंगवरची खूणही त्याच दिशेला. हे चुकलं तर खाचा जागेवर येत नाहीत आणि गिअर कितीही जुळवले तरी कुरकुरतात. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, टॉर्कच्या पान्ह्याने, क्रँकवर लिहिलेल्या आकड्यापर्यंत आवळा. शिमानोच्या दोन तुकड्यांच्या क्रँकमध्ये डाव्या हाताचे दोन बोल्ट १२ ते १४ न्यूटन-मीटर, आणि त्याआधी प्लॅस्टिकची टोपी ०.७ ते १.५ पर्यंतच. टोपी जोरात आवळली तर बेअरिंग जड फिरतं.

पुढचा डिरेलर खाली आणायला विसरू नका. चेनची प्रत्येक कडी १२.७ मिमी, त्यामुळे रिंगचा एक दाता कमी झाला की तिची त्रिज्या २ मिमीने घटते. ५३ ची ५० केली तर डिरेलर ६ मिमी खाली हवा. ५३ ची ४६ केली तर १४ मिमी. इतकं खाली सरकायला फ्रेमवरच्या फटीत जागा आहे का ते आधी बघा. हाताने या डिरेलरचा पिंजरा (चेन ज्यातून जाते ती चौकट) मोठ्या रिंगच्या वर आणा, आणि पिंजऱ्याच्या बाहेरच्या पट्टीची खालची कड आणि रिंगचा सगळ्यात उंच दाता यांच्यात १ ते ३ मिमी अंतर ठेवा. क्रँक सावकाश एक फेरी फिरवून बघा, कारण खाचांजवळचे दाते मुद्दाम आखूड असतात. आखूड दात्यावर मोजलं तर पुढच्या फेरीत उंच दाता पट्टीला लागतो.

मग चेनची लांबी. सूत्र असं: चेनस्टेची लांबी मिमीमध्ये ÷ ६.३५ + मोठ्या रिंगचे निम्मे दाते + मोठ्या चकतीचे निम्मे दाते + २. आलेला आकडा वरच्या सम संख्येला न्या. चेनस्टे ४१०, रिंग ५०, चकती ३४ असेल तर ६४.६ + २५ + १७ + २ = १०८.६, म्हणजे ११० कड्या. प्रत्यक्ष ताडून बघायला चेन मागच्या डिरेलरमधून न घेता मोठी रिंग आणि मोठी चकती यांच्यावरून गुंडाळा, टोकं जिथे जुळतील तिथून दोन कड्या जास्त ठेवा. नुसता बदलाचा हिशेब हवा असेल तर दोन दात्यांना एक कडी धरा: मागे २५ ची ३४ केली तर साडेचार कड्या वाढल्या, पुढे ५३ ची ५० केली तर दीड घटली, निव्वळ तीन, चेन दोन-दोन कड्यांनीच बदलते, म्हणून चार जास्त. जुनी चेन कधीच तशीच ठेवू नका.

शेवटी मागच्या डिरेलरचा बी-स्क्रू. लहान रिंग आणि सगळ्यात मोठी चकती लावा, आणि वरची छोटी पुली चकतीपासून साधारण ५ ते ६ मिमी दूर ठेवा. पुली घासली तर खडखड येते. फार दूर गेली तर सगळेच गिअर आळशी होतात.

काय बिघडतं आणि का

मोठी रिंग आणि मोठी चकती लावताना डिरेलर पुढे ताणून सरळ झाला, म्हणजे चेन आखूड. तिथेच थांबा, क्रँक उलटा फिरवा. जोर लावलात तर हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) वाकेल किंवा डिरेलर चाकाच्या काड्यांत जाईल. ही तपासणी पहिल्यांदा स्टँडवर, हाताने, एकेक दाता पुढे सरकवत करायची.

लहान रिंग आणि ११ च्या चकतीवर चेन लोंबत असेल किंवा पिंजऱ्याजवळ स्वतःलाच घासत असेल, तर चेन लांब आहे किंवा डिरेलरची क्षमता ओलांडली आहे. पहिलं असेल तर दोन कड्या काढून पुन्हा मोठी-मोठी जोडी तपासा. दोन्ही टोकं एकाच वेळी जमत नसतील तर क्षमताच कमी आहे. लांब पिंजऱ्याला पर्याय नाही.

लहान रिंग आणि ११-१२ च्या चकतीवर चेन मोठ्या रिंगच्या आतल्या पिनांना टिकटिक घासते. १६ दात्यांच्या फरकाच्या जोडीत, आखूड चेनस्टेवर हे व्हायचंच. जुळवणीने जात नाही. त्या दोन चकत्या लहान रिंगवर वापरू नका. तेच गुणोत्तर मोठ्या रिंगवर मध्यावर मिळतं.

लहान रिंगवर येताना चेन आत पडते, तेव्हा आतल्या मर्यादेचा स्क्रू बघा. लहान रिंग आणि सगळ्यात मोठी चकती लावून पिंजऱ्याच्या आतल्या पट्टीपासून चेन अर्धा मिमी सुटी हवी. त्यातूनही पडत असेल तर फ्रेमवर चेन-कॅचर लावा, विशेषतः कार्बन फ्रेम असेल तर. एकदा पडलेली चेन फ्रेमचा थर खरवडते.

नवी कॅसेट लावल्यावर जोर दिला की चेन उडत असेल तर बहुतेक वेळा चेन जुनी असते. ११ आणि १२ गिअरची चेन ०.५ टक्के ताणली की बदला, १० पर्यंतची ०.७५ ला. चेन नवी असूनही उडत असेल आणि तीही फक्त एका रिंगवर, तर त्या रिंगचे दाते बाजूने बघा. टोक एका बाजूला झुकून शार्कच्या पंखासारखं झालं असेल तर रिंग संपली आहे.

सगळं झाल्यावर पुन्हा त्याच चढावर जा, त्याच थकलेल्या पायांनी, आणि शेवटाजवळ उजवा गुडघा मोजा. १५ सेकंदांत १६ किंवा जास्त वेळा वर आला तर गिअर बरोबर आहे. १४ च्या खाली राहिला तर अजून एक पायरी हलकं व्हायला हवं, आणि मागे ३४ ची चकती आधीच असेल तर आता पुढच्या लहान रिंगची पाळी.